पेट्रोलपंपावरील फजिती

फजितीचे प्रकार पाहावयाचे असतील तर पेट्रोलपंपासारखी दुसरी जागा नाही. एखादे गृहस्थ मोठ्या ऐटीत आपली मोटार पंपाशी आणून उभी करतात. खाली उतरून पाहतात, तो टाकीचे तोंड पलीकडच्या अंगाला! मग ते पुन्हा गाडीत बसतात, पंपाला वळसा घालून समोरच्या बाजूने येतात. आणि पाहतात तो काय, टाकी पुन्हा पंपाच्या विरुद्ध बाजूसच! गाडीचे तोंडही उलट झाले, हे त्यांच्या ध्यानातच येत नाही. (काडेपेटीची मोटार करून हा प्रयोग अवश्य करून पाहा.) दुसरे कोणी नळी टाकीतच विसरून निघतात आणि ती शेपटीसारखी फरफटत नेतात.

पाहणारे पोट धरून हसतात आणि "काय वेंधळा माणूस!" असे म्हणून मोकळे होतात. मला मात्र हा निवाडा पटत नाही. टाकीचे तोंड कोणत्या मोटारीस डावीकडे, तर कोणत्या मोटारीस उजवीकडे. आणि चालकाला जागेवरून ते दिसत नाही. मग दोष एकट्या चालकाचा कसा?

अमेरिकेतील फोर्ड कंपनीतले अभियंते जिम मॉयलन यांची १९८६ साली भर पावसात अशीच फजिती झाली. ते भिजले, पण कचेरीत परतताच त्यांनी एक टिपण लिहिले. इंधन दाखविणाऱ्या काट्याजवळ, टाकी ज्या बाजूस असेल तिकडे वळलेला एक लहानसा बाण काढावा, एवढीच त्यांची सूचना होती. १९८९ सालच्या मोटारींत तो बाण उमटला आणि पुढे जगभर पसरला. विसरलेल्या नळीवरही असाच उपाय निघाला आहे. तिच्यात एक सांधा बसवितात; जोराचा हिसका बसताच तो सुटतो, आतल्या झडपा मिटतात आणि पेट्रोल सांडत नाही.

एक चूक मात्र अद्याप पुरती आवरलेली नाही. डिझेलची जाड तोटी पेट्रोलच्या मोटारीत सहसा शिरत नाही. पण पेट्रोलची बारीक तोटी डिझेलच्या मोटारीत सहज शिरते. डिझेल हे त्या मोटारीच्या इंधनपंपाचे वंगणही असते. त्याजागी पेट्रोल गेले, की पंप कोरडा पडून झिजतो. इंजिन सुरू करण्यापूर्वीच गाडी ढकलत बाजूला नेली आणि टाकी रिकामी केली, तर बहुधा काही बिघडत नाही. पण त्यासाठी कोणीतरी तेथल्या तेथे "चुकले!" असे म्हटले पाहिजे. आपल्याकडे बहुधा पंपावरचा कामगारच तेल भरतो. भोवतालचे हसतील, मालक बोल लावील, या भीतीने तो गप्प राहतो; आणि चालक निश्चिंतपणे किल्ली फिरवितो.