बंदरावरचं ग्रीस

गेल्या वर्षभरात सायकलसाठी जे जे घेतलं, त्यातली सगळ्यात चांगली वस्तू मला सायकलच्या दुकानात मिळाली नाही. ती मिळाली मिरकरवाडा बंदराजवळ, जाळी, दोरखंड आणि इंजिनाचे पट्टे विकणाऱ्या एका दुकानात. ग्रीसचा डबा. मे महिना संपत आला होता. १ जूनपासून मासेमारीला दोन महिने बंदी, त्यामुळे होड्या वर ओढून पावसाळ्यासाठी तयार करायची सगळ्यांची घाई. त्या गर्दीत मी हेल्मेट काखेत धरून उभी. दुकानदारांनी विचारलं, "होडी कुठली तुमची?" म्हटलं, होडी नाही, सायकल आहे. त्यांनी डबा पुन्हा फळीवर ठेवायला घेतला. "ताई, सायकलला साधं चालतं. हे खाऱ्या पाण्याचं आहे."

भाट्याच्या पुलावरून रोज ये-जा करणाऱ्या सायकलला साधं चालत नाही. काजळी नदी समुद्राला मिळते त्या तोंडावरच हा पूल आहे आणि वाऱ्याला मध्ये अडवणारं काही नाही. पाऊस नसला तरी वाऱ्याबरोबर मिठाचे कण येतात आणि चेनच्या कडीकडीत बसतात. हवेतली आर्द्रता पंच्याहत्तर टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलंच पाणी ओढून विरघळायला लागतं. घरात त्याच्यावर उपाय म्हणून आपण मिठाच्या बरणीत तांदळाचे दाणे टाकतो. सायकलीत तांदूळ टाकता येत नाहीत. त्यामुळे पडवीत, छपराखाली, कोरडी दिसणारी सायकलसुद्धा रात्रभर गंजत असते.

ग्रीस म्हणजे तेल आणि त्या तेलाला धरून ठेवणारा एक प्रकारचा साबण. सगळी गंमत त्या साबणात आहे. सोडियमचा असेल तर पाण्याबरोबर धुऊन जातो. लिथियमचा बराच टिकतो, बहुतेक दुकानांत तोच मिळतो. कॅल्शियमचा पाण्याला दाद देत नाही, म्हणून होडीवाले तो वापरतात. डबा घरी आणून दोन्ही चाकांचे हब उघडले, जुने छर्रे काढले, नवे भरले. मागच्या चाकात पाव इंची, एका बाजूला नऊ. पुढच्या चाकात तीन-सोळांश इंची, बाजूला दहा. सगळे ग्रीसमध्ये बुडवून बसवले. गणपतीनंतर पुन्हा उघडून पाहिलं तेव्हा ग्रीस होतं तसंच, मधाच्या रंगाचं. त्याआधीच्या वर्षी याच सुमाराला आतून चहाच्या रंगाचं पाणी निघालं होतं.

त्या दुकानाने मला वाईट सवय लावली. तिथेच कळलं की स्टेनलेस स्टीलचा बोल्ट म्हटला म्हणजे गंजणार नाही असं नसतं. नेहमी मिळतं ते ३०४ जातीचं. स्वयंपाकघरातल्या भांड्यांना ते उत्तम, खाऱ्या हवेत मात्र त्याच्यावर तपकिरी ठिपके येतात. होडीवाले मागतात ते ३१६. त्यात दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं आणि मिठाशी तेच झुंजतं. मडगार्डचे, कॅरिअरचे, पाण्याच्या बाटलीच्या पिंजऱ्याचे सगळे बोल्ट बदलून टाकले. एक सांगून ठेवते, हॅण्डलच्या मानेचे आणि ब्रेकचे बोल्ट या नादात बदलू नका. तिथे कंपनीने मुद्दाम जास्त ताकदीचं काळं पोलाद दिलेलं असतं. ते गंजेल, त्याला ग्रीस लावा, पण ते तुटणार नाही हे महत्त्वाचं.

आता नावडत्यांकडे येते. पुण्या-मुंबईचे मित्र एखाद्या वस्तूची तारीफ करतात तेव्हा ती किती हलकी आहे, किती वेगाने गिअर पडतात हे सांगतात. मी एवढंच विचारते, गंजल्यावर ती उघडते का? इथे गंजणार तर सगळंच. फ्रेमच्या पोटातून केबल नेलेल्या नव्या सायकली दिसायला देखण्या असतात. पण ती केबल आत गंजली की बाहेर काही दिसत नाही, फक्त गिअर दिवसेंदिवस रुसत जातो, आणि केबल बदलायची तर अर्धा दिवस आत तार घालून मासा पकडल्यासारखं बसावं लागतं. आमच्या आळीतले सायकलवाले काका असली सायकल आली की चष्मा काढून ठेवतात. म्हणतात, "ही तुम्ही घेतलीत तिथेच न्या." बाहेरून गेलेली केबल दिसायला कशीही असो, तिची जुनी तार ओढून नवी घालायला त्यांना पाच-दहा मिनिटं पुरतात.

ट्यूबलेस टायरवर माझा जीव बसला होता, तोही उतरला. रबराच्या चिकाचं द्रव टायरमध्ये भरायचं, भोक पडलं की ते स्वतःच बुजतं, ही कल्पना झकास आहे आणि महामार्गाच्या कडेला ती खरोखर उपयोगी पडते. हातखंब्याच्या दिशेने गेलं की ट्रकच्या फुटलेल्या टायरांच्या तारांचे केसासारखे बारीक तुकडे रस्त्यावर पडलेले असतात आणि सायकलवाल्यांची बहुतेक पंक्चरं त्यांचीच. पण ते द्रव उष्णतेने वाळतं, काही महिन्यांनी पुन्हा भरावं लागतं. मे महिन्यात माझ्या टायरमध्ये त्याची नुसती रबरी साल उरली होती. आणि भोक मोठं असलं की टायर रिमवरून सोडवून आत ट्यूब घालायची, हात चिकाने बरबटलेले, आजूबाजूला सल्ला देणारी चार माणसं. परत साध्या ट्यूबवर आले. ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात बुडवायची, बुडबुडे बघायचे, घासायचं, सोल्युशन लावून वाळू द्यायचं, मग ठिगळ. सोल्युशनशिवाय नुसती चिकटवायची तयार ठिगळंही घेतली होती, दमट हवेत ती दोन दिवस टिकली नाहीत.

याच खात्यात वर्षातली सगळ्यात छोटी आणि लाडकी वस्तू आहे. बारीक तोंडाच्या विलायती व्हॉल्व्हवर बसणारं पितळी अडॅप्टर, करंगळीच्या नखाएवढं. ते चावीच्या जुडग्यात असलं की पावसपासून जयगडपर्यंत कुठल्याही पंपावर हवा भरता येते. नसलं की पंपवाला व्हॉल्व्हकडे आणि मग तुमच्याकडे कीव आल्यासारखा बघतो.

चेनला मेण लावायचं वेड मीही करून पाहिलं. पॅराफिन वितळवायचं, धुऊन लख्ख केलेली चेन त्यात बुडवायची. ऑक्टोबर ते मे याच्यासारखं सुख नाही. जांभ्याची लाल धूळ तेलाला चिकटते आणि चेन-दात्यांवर पॉलिश पेपरचं काम करते, मेणाला ती चिकटत नाही. हात आणि ओढणीचं टोकही स्वच्छ राहतं. पण मृगाचा पहिला जोरदार पाऊस झाला आणि दुसऱ्या दिवशी चेन नारिंगी. मेण पाण्याला फटीतून आत जायला अडवत नाही. तेव्हा पावसाळ्यात दाट तेल, दर दोन दिवसांनी फडक्याने पुसणं, आणि घाण हाताचं दुःख न करणं. चेन संपली की नाही हे बघायला महागडं माप घ्यायची गरज नाही. चेनची एक कडी अर्ध्या इंचाची, म्हणजे चोवीस कड्या बरोबर बारा इंच. शाळेतली फूटपट्टी लावायची. चोविसावी पिन बाराच्या रेषेपुढे एक-सोळांश इंच गेली की चेन बदलायची. एक-अष्टमांश गेली असेल तर नुसत्या चेनवर भागत नाही, मागचे दातेही तिने खाल्लेले असतात.

खरं तर चेनचा प्रश्न जुन्या सायकलींनी कधीच सोडवला होता, पूर्ण चेनकव्हर देऊन. पत्र्याच्या डब्यात बंद चेन, ना चिखल, ना कपड्यांना डाग. बायकांच्या सायकलींना ते हटकून असायचं. मग गिअर आले आणि चेनकव्हर गेलं, कारण चेन आडवी सरकायला जागा हवी. गिअर मी सोडणार नाही. रत्नागिरीत समुद्राच्या पातळीवरून निघायचं आणि सड्यावर चढायचं, हा रोजचा व्यवहार आहे. वडिलांच्या काळ्या सायकलला पुढे ४४ दाते, मागे १८. पायडलच्या एका फेऱ्यात ती पाच मीटरच्या वर जाते. आरे-वारेच्या चढावर तिच्यावरून उतरून चालावं लागतं. माझ्या सायकलच्या सगळ्यात हलक्या जोडीत पुढे २२ आणि मागे ३२. एका फेऱ्यात दीड मीटरही नाही. बाजूने जाणारा पोर हसतो, हसू दे, मी वर बसलेली असते आणि डाव्या हाताला समुद्र दिसत असतो.

सगळ्यात मोठी निराशा रेनकोटची, आणि पैसेही त्यातच जास्त गेले. बाहेरचं पाणी आत येऊ देत नाही, आतला घाम वाफ होऊन बाहेर जातो, असं ते कापड. कापड खोटं बोलत नाही, हवा वेगळी आहे. ती वाफ बाहेर जाते ती आत दमटपणा जास्त आणि बाहेर कमी असेल तेव्हा. थंड देशातल्या पावसात तसं होतं. आमच्याकडे जुलैत बाहेरची हवाच पाण्याने भरलेली आणि उबदार, मग वाफेने जावं कुठे? ऑफिसात पोहोचेपर्यंत आतून इतकी भिजलेली असायचे की कोट काढून पावसात उभं राहिलं असतं तर अंग कोरडं वाटलं असतं. आमच्या भागातल्या लावणीवाल्या बायकांनी याचा विचार फार आधी केलेला आहे. इरलं पुढून उघडं, खालून उघडं. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, वर पानं. वाकलेल्या पाठीवर पाऊस पडतो तेवढा ते अडवतं आणि बाकी सगळीकडून वारा खेळतो. सायकलवरही पाठ वाकलेलीच असते. म्हणून शेवटी एक मोठा, बिनबाह्यांचा, पुढचं टोक हॅण्डलला अडकवता येणारा कोट घेतला. शहरात फार छान. पुलावर मात्र वारा त्याच्यात शिरतो आणि सायकल आपोआप रस्त्याच्या मधोमध सरकायला लागते. तिथे मी तो काढते आणि सरळ भिजते. ऑफिसच्या कपाटात कोरडे कपडे असतात.

कोटापेक्षा मडगार्डचा उपयोग मोठा. वरून पडणारं पाणी निदान स्वच्छ असतं. सीटखाली अडकवायचं लहानसं प्लास्टिकचं मडगार्ड घेऊ नका, ते पाठ वाचवल्याचं नाटक करतं. चाकाच्या अर्ध्याहून जास्त भागावरून जाणारं लांब मडगार्ड घ्या आणि पुढच्याच्या टोकाला रबराची पट्टी लावा, जमिनीच्या जितकी जवळ तितकी चांगली. माझी पट्टी काकांनी ट्रकच्या जुन्या ट्यूबची कापून दिली. तिने बूट वाचले, चेनवर उडणारा लाल चिखलही निम्म्याने कमी झाला.

दिव्याचं दोन वाक्यांत आवरते. चार्जिंगचा दिवा, भोकावर रबरी झाकण, ऑगस्टमध्ये त्या झाकणाखाली हिरवा थर आणि दिवा बंद. आता साध्या पेन्सिल सेलचा आहे. सेल कुठल्याही टपरीवर मिळतात आणि वीज गेली म्हणून अडत नाही.

उघडतं ते चांगलं, हा माझा नियम एका ठिकाणी साफ आपटतो. वडिलांच्या सायकलला कॉटर पिन आहेत. त्या उघडतात, हातोड्याने. ठोकताना पिनेचं डोकं चेपतं, मग ती ड्रिलने काढायची, नवी घालायची, नवी कानशीने घासून बसवायची. एवढं करून महिन्याभरात पायडल पुन्हा टकटक करतं. माझ्या सायकलला तिथे बंद डब्यातलं एक्सल आहे, आतलं काही उघडत नाही, बिघडलं की फेकायचं. पूर्ण पावसाळ्यात त्याने आवाज केला नाही. काकांना सांगितलं तर म्हणाले, "नशीब." मला ते नशीब वाटत नाही. तिथे आत पाणी जायला वाटच नाही, आणि काकांना दुरुस्तीची वाट राहत नाही, दोन्ही खरं.

सप्टेंबर २०२५ मध्ये सायकल आणि तिच्या भागांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ वर आला. मी बहुतेक खरेदी त्याच्या आधीच उरकलेली. त्यानंतर घेतला तो फक्त भोंगा, पाववाल्यांचा असतो तसा, रबरी फुग्याचा. दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे असलेल्या वळणावळणाच्या पाखाडीत घंटी ऐकू जात नाही, भोंगा जातो. तोटा इतकाच की सकाळी वाजवला की एखादं पोर पिशवी घेऊन दारात येतं.

राहता राहिली सीट. चामड्याची घेतली होती. चामडं अंगाला हळूहळू सवय करून घेतं म्हणतात. श्रावणात तिच्यावर पांढरी बुरशी उगवली, पुसली की आठ दिवसांनी पुन्हा. ती आता कपाटात आहे, हिवाळ्यापुरती बाहेर निघते. फोमच्या सीटा पाणी पितात आणि मग दिवसभर ते परत करत राहतात. काकांनी दुकानाच्या माळ्यावरून एक जुनी रेक्झिनची, स्प्रिंगवाली सीट काढून ठेवली आहे. स्प्रिंगा गंजलेल्या आहेत, पण बोल्ट फिरतो. दीडशे सांगतायत. मी शंभरावर अडून आहे.