मिनोटॉरचा अपराध कोणता?

जुलै १८८५मध्ये लंडनच्या 'पॅल मॅल गॅझेट' या सायंदैनिकाने एक लेखमाला छापली आणि शहर हादरलं. लंडनमध्ये अल्पवयीन मुलींची खरेदी-विक्री कशी चालते, दलाल कोण, गिऱ्हाइकं कुठल्या थरातली, हे संपादक डब्ल्यू. टी. स्टेड यांनी उघड्यावर मांडलं होतं. इंग्लंडमध्ये मुलींच्या संमतीचं वय तेव्हा १३ होतं आणि ते वाढवणारं विधेयक संसदेत रखडलं होतं. वाचकांना या बाजाराची भीषणता कळावी म्हणून स्टेड यांनी हात घातला तो एका ग्रीक कथेला. अथेन्समधली कोवळी मुलं-मुली जहाजात घालून क्रीट बेटावर राक्षसाच्या तोंडी दिली जायची, ती कथा. लेखमालेच्या नावातच 'कुमारिकांची खंडणी' होती. पुढच्याच महिन्यात कायदा झाला आणि वय १६ वर गेलं. त्याच सुमारास मुंबईच्या हायकोर्टात बालपणी लावलेलं लग्न नाकारणाऱ्या रखमाबाईंचा खटला गाजत होता. भारतात हे वय १० वरून १२ व्हायला मात्र १८९१ उजाडावं लागलं.

लेखमालेने अस्वस्थ झालेल्या जॉर्ज फ्रेडरिक वॉट्स या चित्रकाराने त्याच वर्षी मिनोटॉर रंगवला. बैलाचं डोकं आणि माणसाचं धड असलेला हा प्राणी तटाच्या भिंतीवर रेलून समुद्राकडे बघतो आहे, जहाजाची वाट पाहतो आहे. त्याच्या मुठीखाली एक छोटं पाखरू चिरडलं गेलं आहे. हे चित्र आज लंडनच्या टेट संग्रहात आहे.

इतकी जुनी कथा औद्योगिक शहरातल्या कायद्याच्या लढाईत उपयोगी पडली, कारण ती मुळात राक्षसाबद्दलची कथाच नव्हे. ती एका राजाच्या खोटेपणाची आणि तो खोटेपणा झाकायला उभ्या केलेल्या यंत्रणेची कथा आहे. आपण ती सांगताना बहुतेक वेळा मधूनच सुरू करतो.

सुरुवात समुद्रातून येणाऱ्या बैलापासून होते. क्रीटच्या गादीवर आपलाच हक्क आहे हे दाखवण्यासाठी मिनोसने समुद्रदेव पोसायडनकडे खूण मागितली आणि येणारा बैल त्यालाच बळी देईन असा शब्द दिला. बैल आला, राज्य मिळालं. पण बैल इतका देखणा, की मिनोसने तो आपल्या कळपात ठेवून घेतला आणि दुसराच बळी दिला. देवाने सूड उगवला तो राणीवर. पासिफीच्या मनात त्या बैलाबद्दल वेडी वासना निर्माण झाली. डेडॅलस या कारागिराने तिच्यासाठी लाकडी गाय बनवली आणि पुढे जे मूल जन्मलं त्याचं नाव आस्टेरिऑन. मिनोटॉर, म्हणजे मिनोसचा बैल, ही जगाने दिलेली ओळख. ते मूल कुणाच्या नजरेस पडू नये म्हणून त्याच डेडॅलसने भुलभुलैया बांधला.

शब्द मोडणारा राजा. शिक्षा राणीला आणि कोंडवाडा मुलाला. आणि मिनोसचा मुलगा अथेन्सच्या भूमीवर मारला गेल्यावर त्या कोंडवाड्यात ढकलायला परक्या शहरातली सात मुलं आणि सात मुली. प्लुटार्कने नोंदवल्याप्रमाणे दर नऊ वर्षांनी.

हे सगळं आधुनिक काळाने कथेवर लादलेलं नाही. इसवीसनपूर्व पाचव्या शतकात युरिपिडीसने क्रीटवर एक नाटक लिहिलं होतं. त्याचे तुकडेच उरले आहेत, पण एका चर्मपत्रावर पासिफीचा बचाव टिकून राहिला आहे. ती नवऱ्याला सुनावते: बैल बळी द्यायचा शब्द तू मोडलास, देवाचा कोप तुझ्यामुळे झाला, आणि मला मारायला निघालास! अथेन्सच्या खुल्या रंगमंचासाठी हे भाषण लिहिलं गेलं होतं.

प्लुटार्क आणखी एक गोष्ट सांगतो, आणि कथा कोण सांगतं याचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने ती लक्षात ठेवावी अशी आहे. क्रीटच्या लोकांच्या मते भुलभुलैया हा साधा तुरुंग होता, त्यात कुणी राक्षस नव्हता. टॉरस नावाचा होता तो मिनोसचा उद्दाम सेनापती. प्लुटार्कचं म्हणणं असं, की ज्या शहराजवळ भाषा आणि वाङ्मय आहे त्याचं वैर फार महागात पडतं. होमर आणि हेसिअडने मिनोसला थोर राजा म्हटलं तरी अथेन्सच्या नाटककारांनी त्याला क्रूरकर्मा ठरवलं आणि तेच टिकलं.

क्रीटची स्वतःची बाजू जमिनीखाली होती. क्नोसोस इथे १८७८मध्ये पहिलं उत्खनन केलं ते स्थानिक व्यापारी मिनोस कालोकैरिनोस यांनी. १९००मध्ये आर्थर इव्हान्स यांनी मोठं काम हाती घेतलं. असंख्य दालनं, वळणारे मार्ग, बैलावरून उडी मारणाऱ्या खेळाडूंचं भित्तिचित्र बाहेर आलं आणि हाच तो भुलभुलैया, असं जगाला वाटू लागलं. इव्हान्स यांनी काँक्रीट ओतून उभारलेल्या लालभडक खांबांवर आजही टीका होते, ती रास्तच आहे. पण तिथेच सापडलेल्या मातीच्या पाट्या मोलाच्या. मायकेल व्हेंट्रिस या वास्तुरचनाकाराने १९५२मध्ये त्यांची लिपी उलगडली. त्यातल्या एका पाटीवर मधाच्या कुंभांची नोंद आहे. एक कुंभ सर्व देवांना आणि एक 'भुलभुलैयाच्या स्वामिनीला', असं बहुतेक अभ्यासक ती वाचतात. म्हणजे मिनोटॉरला मारणाऱ्या राजपुत्र थिसियसची कथा लिहिली जाण्याच्या कितीतरी शतकं आधी त्या जागी राक्षस नव्हता, मध स्वीकारणारी देवी होती. जुलै २०२५मध्ये युनेस्कोच्या ज्या बैठकीत शिवकालीन किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्याच बैठकीत क्नोसोससह क्रीटच्या सहा प्रासादकेंद्रांनाही हा मान मिळाला.

भुलभुलैयाची आकृती तर कथेपेक्षाही दूर फिरली आहे. क्नोसोसच्या नाण्यांवर ती आहे, फ्रान्समधल्या शार्त्रच्या कॅथीड्रलच्या फरशीवर आहे, हळेबीडच्या मंदिरात अभिमन्यू शिरतो त्या चक्रव्यूहात आहे, आणि गोव्यात कुशावती नदीकाठी पणसायमळच्या कातळावरही कोरलेली आहे. तिचा सगळीकडचा उगम एकच, असं मानायला आधार नाही. या जुन्या आकृतींत एक गंमत आहे. त्यांत वाट एकच असते, फाटे नसतात. तिथे हरवायला होत नाही, फक्त मध्यापर्यंत जावं लागतं. थिसियसला दोऱ्याची गरज पडली ती गोष्टीतल्या भुलभुलैयात.

विसाव्या शतकाने मध्यावर पोचून राक्षसाकडे नीट पाहिलं. पिकासोने १९३०च्या दशकात मिनोटॉर पुन्हा पुन्हा काढला. कधी तो हिंस्र आहे, तर कधी आंधळा होऊन एका लहान मुलीच्या आधाराने चालणारा. होर्हे लुईस बोर्हेस यांनी १९४७मध्ये 'आस्टेरिऑनचं घर' ही छोटी कथा लिहिली. तीत एकटा, लाडिक, थोडा गर्विष्ठ जीव आपल्या घराबद्दल बोलत राहतो आणि तो कोण हे वाचकाला शेवटी कळतं. ही कथा वॉट्सच्या चित्रावरून सुचली, असं बोर्हेस यांनीच नोंदवलं आहे. स्टेड यांच्या लेखांतून चित्र आणि चित्रातून कथा, असा हा प्रवास. पण तेवढ्यात कणव सावजावरून शिकाऱ्यावर सरकली. मेड्युसाचंही तसंच झालं. ओव्हिडने सांगितलेल्या कथेत देवळात तिच्यावर अत्याचार करतो देव आणि केसांचे साप होण्याची शिक्षा भोगते ती. लुचानो गार्बाती यांनी २००८मध्ये तिला मारणाऱ्या पर्सियसचंच मुंडकं हातात धरलेली मेड्युसा घडवली. २०२०मध्ये तो पुतळा न्यूयॉर्कच्या फौजदारी न्यायालयासमोर काही काळ उभा होता.

खंडणीचा धागाही जिवंत आहे. सुझान कॉलिन्स यांनी 'द हंगर गेम्स' या २००८च्या कादंबरीमागे थिसियसची कथा असल्याचं सांगितलं आहे. तिथे राक्षस उरलेलाच नाही. मुलं मागणारी राजधानी आहे आणि तो खेळ पाहणारे प्रेक्षक आहेत. स्टेड यांनी १८८५मध्ये जे दाखवलं तेच इथे किशोरवयीन वाचकांपर्यंत पोचतं.

म्हणूनच आपल्याकडे मुलांसाठी ही कथा जशी कापली जाते ते खटकतं. शूर राजपुत्र, भयानक राक्षस, दोऱ्याचा गुंडा, तलवारीचा घाव, संपलं. मिनोसने मोडलेला शब्द गळतो. दोरा देऊन सगळ्यांचा जीव वाचवणाऱ्या आरियाडनीला थिसियसने नॅक्सॉस बेटावर झोपेत सोडून दिलं, हे गळतं. परतताना तो काळं शीड बदलायला विसरला आणि मुलगा मेला असं समजून बापाने समुद्रात उडी घेतली, हेही अनेकदा गळतं. अभिमन्यूला एकटं पाडून मारणारे महारथी कोण होते, हे आपण दहा वर्षांच्या मुलांना नावानिशी सांगतो आणि त्यांना ते पचतं. मग ग्रीक कथेतला राजाचा अपराध त्यांना पेलणार नाही, असं प्रकाशकांनी आणि पाठ निवडणाऱ्यांनी का धरून चालावं? पुढची आवृत्ती काढताना तीन-चार पानं वाढवावीत आणि गोष्ट त्या बैलापासून सुरू करावी.