शिष्यवृत्ती फक्त फीपुरतीच?

जुलै-ऑगस्टमध्ये आपल्या होस्टेलवर सगळ्यात जास्त ऐकू येणारा शब्द कोणता? सबमिशन? मेस? छे! तो शब्द म्हणजे 'स्कॉलरशिप'. "फॉर्म भरलास का?", "इन्कम सर्टिफिकेट कुठल्या सालचं लागतं?", "हप्ता आला का रे?" नोटीस बोर्डासमोर, कॅन्टीनमध्ये, रात्री गॅलरीत, जिथे बघावं तिथे हीच चर्चा. म्हणजे आपल्या लेखी स्कॉलरशिप ही ॲडमिशननंतर सुरू होणारी भानगड!

माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. जी शिष्यवृत्ती ॲडमिशनच्या चार-पाच वर्षं आधी हाती येते, आणि जिच्या पैशाबरोबर पाठीशी एखादं माणूसही उभं राहतं, ती मुलाला कॉलेजसाठी तयार करते. बाकीच्या योजना फी भरतात. फी भरणं वेगळं आणि तयार करणं वेगळं.

फी भरण्याच्या बाबतीत सरकारने काही केलं नाही, असं कोणी म्हणू नये. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाच्या योजनेत आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलाची निम्मी शिक्षण फी सरकार भरतं. २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची पूर्ण फी माफ झाली. या योजना नसत्या तर आपल्यापैकी कितीतरी जण आज इथे नसते. पण ही सगळी मदत कॉलेजचं गेट ओलांडल्यावर सुरू होते. गेटपर्यंत पोचायचं कसं, आणि आत आल्यावर टिकायचं कसं?

माझं शिक्षण दहावीपर्यंत मराठी माध्यमाच्या शाळेत झालं, आधी जिल्हा परिषदेच्या आणि नंतर गावातल्या हायस्कूलच्या. आठवीत असताना मी एनएमएमएसची परीक्षा दिली. ही केंद्र सरकारची योजना २००८ साली सुरू झाली. दरवर्षी देशभरात एक लाख शिष्यवृत्त्या, त्यात महाराष्ट्राचा वाटा ११,६८२. आधी वर्षाला ६,००० रुपये मिळायचे, २०१७ पासून १२,००० झाले. म्हणजे महिन्याला हजार, नववी ते बारावी. चार वर्षांचे झाले ४८,०००. शहरातल्या एका क्लासची एका वर्षाची फीसुद्धा त्यात निघणार नाही, असं कोणी म्हणेल. कबूल! पण त्या हजारात माझा एसटीचा पास निघाला, अकरावीची पुस्तकं आली आणि मुख्य म्हणजे 'दहावीनंतर पोराला कामाला लावू' ही घरातली चर्चा थांबली. शिष्यवृत्ती चालू ठेवायची तर दहावीला ६० टक्के पाहिजेत (एससी-एसटीला ५५), ही अट होतीच. त्यामुळे दहावी नुसती 'काढायची' नव्हती, चांगली काढायची होती.

आणि पैशापेक्षाही मोठी गोष्ट होती ती परीक्षेची तयारी. या परीक्षेत दोन पेपर असतात : बौद्धिक क्षमता आणि शालेय क्षमता. आमचे एक सर शाळा भरायच्या आधी तासभर आम्हाला घेऊन बसायचे. आकृत्या, संख्यामालिका, घड्याळ लावून सोडवलेले नव्वद प्रश्न. त्या वर्गात आम्ही पंधरा-वीस जण होतो. शिष्यवृत्ती मिळाली तिघांना. पण न मिळालेल्यांपैकी दोघं आज डिप्लोमा करून नोकरीला आहेत. ते म्हणतात, "सरांच्या त्या तासाला पहिल्यांदा कळलं, आपल्याला पण जमतंय!" आता सांगा, शिष्यवृत्ती नेमकी किती जणांना मिळाली?

थोडं इतिहासात बघू. बाबासाहेब आंबेडकरांना सयाजीराव महाराजांनी १९१३ साली कोलंबिया विद्यापीठासाठी शिष्यवृत्ती दिली, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं. हे आपण शाळेपासून ऐकतो. पण त्याच्या आधीचं? मुंबईच्या चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणाऱ्या त्या मुलाला कृष्णाजी अर्जुन केळुसकर या शिक्षकांनी हेरलं, पुस्तकं दिली. १९०७ साली तो मॅट्रिक झाला तेव्हा स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं. पुढे कॉलेजचा खर्च झेपेना तेव्हा महाराजांकडे शब्द टाकला आणि महिना पंचवीस रुपये सुरू झाले. पैसा महाराजांचा होता, पण बोट धरलं होतं केळुसकर गुरुजींनी. दोन्ही लागतं!

आजही जिथे दोन्ही एकत्र येतं तिथे फरक दिसतो. २००७ साली सुरू झालेली दक्षणा ही संस्था नवोदय विद्यालयातली गरीब घरची हुशार मुलं परीक्षेतून निवडते आणि त्यांना निवासी ठेवून आयआयटीच्या प्रवेश परीक्षेची तयारी करून घेते. नुसता चेक हातात देऊन ती मोकळी होत नाही. राहायला जागा, शिकवायला माणसं आणि बरोबरीने झगडणारे मित्र देते. अडचण एवढीच, की अशा ठिकाणी पोचणारे मोजकेच.

कोणी म्हणेल, "यार, खिशात पैसाच नसेल तर मार्गदर्शनाचं काय लोणचं घालायचं?" बरोबर आहे. उपाशीपोटी कोणाचंच इंटिग्रेशन सुटत नाही. पण उलटही तितकंच खरं. फी माफ झालेला मुलगा ड्रॉइंग हॉलमध्ये प्रोजेक्शन म्हणजे काय हेच न कळल्यामुळे मागच्या बाकावर बसून राहतो. त्याला प्रश्न पडतात, पण ते इंग्रजीत विचारायचे कसे हे कळत नाही. दहावीतलं 'त्वरण' अकरावीत एका रात्रीत 'ॲक्सिलरेशन' होतं आणि त्या रात्रीसाठी कुठलीच योजना नाही! मग पहिल्या सेमला दोन-तीन विषय राहतात. पोरगा हुशार नव्हता असा शिक्का बसतो. तो हुशार होता, फक्त त्याची तयारी कोणी करून घेतली नव्हती.

म्हणून आपल्यापुरतं, आपल्या होस्टेलपुरतं सुचवतो. एक : फर्स्ट इयरची पोरं आल्यावर पहिले चार आठवडे रात्री जेवणानंतर एक तास. ड्रॉइंग, थोडं प्रोग्रॅमिंग आणि 'सर, मला हे कळलं नाही' हे इंग्रजीत न घाबरता म्हणण्याची सवय. शिकवायला आपण टीई-बीईवाले आहोतच. दोन : कागदपत्रांची माहिती ऑगस्टमध्ये नको, ॲडमिशनच्या आधी मे-जूनमध्येच द्या. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, आधारला जोडलेलं बँक खातं. हे काम ऑफिसवर ढकलायचं कारण नाही, दोन-चार जणांचे फोन नंबर पुरेत. सर-मॅडमना विनंती एवढीच, की नव्या मुलांच्या इंडक्शनमध्ये भाषणं दोन कमी करा आणि तो वेळ आम्हाला द्या.

आणि तिसरं, सगळ्यात सोपं. गणपतीला घरी जाल तेव्हा आपल्या जुन्या शाळेत एक चक्कर मारा. आठवीच्या वर्गात जा. एनएमएमएसचे फॉर्म साधारण त्याच सुमारास भरतात आणि परीक्षा बहुधा डिसेंबरात असते. कितीतरी शाळांत मुलांच्या कानावर हे नावसुद्धा पडत नाही. एक जुना पेपर बरोबर न्या आणि त्यातले चार प्रश्न फळ्यावर सोडवून दाखवा. तास-दीड तासाचं काम आहे. खर्च? एका खडूचा!