तलाव एक, खाती अनेक

'एकात्मिक जलव्यवस्थापन' या शब्दात तसं वाईट काही नाही. जानेवारी १९९२ मध्ये डब्लिनला जगभरचे जलतज्ज्ञ जमले आणि त्यांनी चार तत्त्वं मांडली: गोडं पाणी मर्यादित आहे, त्याचा कारभार वापरणाऱ्यांना सोबत घेऊन व्हावा, त्यात बायकांची भूमिका मध्यवर्ती आहे आणि पाण्याला आर्थिक मूल्य आहे. पुढे शाश्वत विकास उद्दिष्टांमध्ये २०३० पर्यंत सर्व पातळ्यांवर असं व्यवस्थापन आणायचं ठरलं. मार्च २०२३ मध्ये न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांची जलपरिषद भरली, १९७७ च्या मार देल प्लाता परिषदेनंतर थेट ४६ वर्षांनी. महाराष्ट्रही मागे नाही. जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा २००५ चा कायदा एकात्मिक राज्य जल आराखडा मागतो. कागदावर सगळं जोडलेलं आहे. तो कागद घेऊन कुणीतरी भंडारा जिल्ह्यातल्या एखाद्या मामा तलावाच्या पाळीवर उभं राहावं, एवढीच माझी मागणी आहे.

मामा म्हणजे माजी मालगुजारी. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात असे साडेसहा हजारांहून जास्त तलाव आहेत. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने यातले बरेचसे बांधले. जो तलाव बांधेल त्याला त्याखालची जमीन कसायला मिळे. उतार पाहून पाळ घातलेली, एकाचा सांडवा दुसऱ्याच्या पोटात उतरलेला, खाली धानाच्या बांध्या. पाऊस ओढ देतो तेव्हा या पाण्यावर धान वाचतो. त्याच पाण्यात ढिवरांची मासेमारी आणि शिंगाडा, काठावर गुरं, पाणी उतरलं की गाळपेर, धानाच्या शिवारात सारस. पाणी, माती, मासा, पीक यांचा हिशेब एकाच ठिकाणी होत होता. डब्लिनच्या कितीतरी आधी.

ती व्यवस्था सोन्याची होती असं मी म्हणत नाही. मालगुजार हा मालगुजारच होता आणि त्याच्या राज्यात ढिवराची आणि भूमिहीनाची जागा कुठे होती, हे सांगायला इतिहासकार लागत नाही. १९५१ मध्ये तेव्हाच्या मध्य प्रदेशात मालगुजारी संपली, ते योग्यच झालं. चूक पुढे झाली. तलाव सरकारजमा झाले आणि त्यांचे तुकडे पडले. जमीन महसूलकडे. शंभर हेक्टरपर्यंत सिंचन करणारा तलाव जिल्हा परिषदेकडे, त्याहून मोठा पाटबंधारे खात्याकडे. मासेमारीचा ठेका वेगळा. ज्या जंगलातून पाणी उतरतं ते वनखात्याचं. मालक गेला आणि त्याच्या जागी गाव आलंच नाही, खाती आली.

मग प्रत्येक खातं आपापल्या तुकड्यावर मन लावून काम करतं. गाळ काढायची योजना येते. जेसीबी तलावाचा उथळ काठही सरसकट खणून टाकतो, कारण निघालेल्या गाळाचे घनमीटर मोजले जातात. त्या उथळ काठावर पाणवनस्पती असतात आणि तिथेच स्थानिक मासे अंडी घालतात, याचा रकाना मोजमाप पुस्तकात नाही. मासेमारीच्या योजनेत कटला, रोहू, मृगळचं बीज सोडलं जातं. मरळ हळूहळू दिसेनाशी होते. तलावाच्या येव्यावर अतिक्रमण होतं तेव्हा ते 'आमच्याकडे येत नाही' असं सगळेच सांगतात आणि आपापल्या परीने खरंच सांगतात. दुसरीकडे भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर समाजाला बरोबर घेऊन तलावांतली बेशरम काढली, देशी पाणवनस्पती लावल्या. हे ज्ञान गावात आहे. अधिकार गावात नाही.

मी सॉफ्टवेअरवाला. माझ्या धंद्यात 'इंटिग्रेशन' हा रोजचा शब्द आहे आणि त्याचा अर्थ कडक आहे: एका प्रणालीत बदल झाला की दुसरीला तो मानावाच लागतो. दोन प्रणालींची माहिती एकाच पडद्यावर शेजारी शेजारी दाखवणं म्हणजे इंटिग्रेशन नव्हे, तो नुसता डॅशबोर्ड. पाण्याच्या बाबतीत आपण डॅशबोर्डलाच एकात्मिक म्हणू लागलो आहोत. जिओटॅग केलेला फोटो तलाव आहे एवढं सांगतो. त्याचं पाणी कधी सोडायचं हे कुणी ठरवायचं, ते सांगत नाही.

नदीवरही हेच. गोसीखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ ची, मूळ अंदाज ३७२ कोटींचा. पुढे तो १८ हजार कोटींच्या वर गेला. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये आणि तिथून वैनगंगेत येतं आणि याच जलाशयाच्या पाण्यात थांबतं. शहर एका हिशेबात, धरण दुसऱ्या. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वर मध्य प्रदेशातल्या संजय सरोवरातून पाणी सुटलं, भंडारा शहर बुडालं, गोसीखुर्दची सगळी ३३ दारं उघडावी लागली. नदी एक, राज्यं दोन. आणि २०२४ मध्ये मंजुरी मिळाली ती वैनगंगा-नळगंगा जोडप्रकल्पाला: इथलं 'अतिरिक्त' पाणी चारशेहून जास्त किलोमीटर दूर बुलढाण्यापर्यंत. बुलढाण्याच्या शेतकऱ्याला पाणी मिळू नये असं कोण म्हणेल? पण पुराच्या चार दिवसांत अंगावर येणारं पाणी आणि शेवटच्या पाण्यासाठी धान तडफडतो तेव्हा हाताशी असणारं पाणी, यांची बेरीज करून 'अतिरिक्त' ठरवता येत नाही.

लहान तलावांनी आजची तहान भागणार नाही, असं सांगितलं जाईल. सगळी भागणार नाहीच. पण जे हाताशी आहे ते गाळात घालून जे नाही त्यावर हजारो कोटी ओतायचे, याला नियोजन कसं म्हणायचं?

करायचं काय, ते अवघड नाही. एका तलावाला एक समिती, आणि तिच्या हातात चारही गोष्टी: येवा, पाणी सोडणं, मासेमारी, गाळ. सिंचन व्यवस्थापनाच्या २००५ च्या कायद्यात पाणी वापर संस्थेचं सभासदत्व शेतजमिनीवर उभं आहे. जिच्या नावावर जमीन नाही पण जी रोज तलावात उतरते, ती ढिवर बाई त्यात बसत नाही. तिला बसवा. वनहक्क कायद्याने २००६ मध्येच पाणसाठ्यांतल्या मासळीवरचा सामूहिक हक्क मान्य केला आहे. वनहद्दीतल्या तलावांवर तो पात्र गावांना द्या. आणि खात्यांना समितीच्या ठरावाला 'नाही' म्हणायचं असेल तर लेखी, कारणासह म्हणू द्या.

हे होत नाही तोवर जागतिक परिषदांत कुणी एकात्मिक जलव्यवस्थापनाचं नाव घेतलं, तर भंडाऱ्याच्या माणसाने एकच प्रश्न विचारावा: आमच्या तलावाचं दार उघडायची परवानगी कुणाकडे मागायची?