सीएमएस हेडलेस असो, आपण नको!

मित्रहो, सध्या फायनल इयर प्रोजेक्टच्या गप्पांत एक शब्द हमखास ऐकू येतो : हेडलेस सीएमएस. सिव्हिल-मेकॅनिकलवाल्यांसाठी सोप्या भाषेत सांगते. मेसचं स्वयंपाकघर ठेवायचं, जेवणाचा हॉल काढून टाकायचा. ताटात घ्या, डब्यात घ्या, ज्याचं त्याने ठरवावं! आपल्या अंबागड किल्ल्याची माहिती एकदाच भरायची. वेबसाइट, मोबाइल ॲप आणि लायब्ररीतला स्क्रीन ती एपीआयमधून उचलतील. आयडिया झकास आहे, वाद नाही.

वाद आहे तो निवडीचा. ओपन सोर्स म्हणजे फुकट आणि फुकट म्हणजे कायमचं, असं आपण धरून चालतो. तसं नसतं. स्ट्रॅपी घ्या. नोड-जेएसवर चालतं, कम्युनिटी आवृत्ती एमआयटी लायसन्सखाली आहे, शिकायला सोपं. पण २०२१ मध्ये चौथी आवृत्ती आली आणि मोंगोडीबीचा सपोर्टच गेला. ज्यांचा डेटा त्यात होता, त्यांना सगळा एसक्यूएलमध्ये हलवणं आलं. डायरेक्टस आधीच्या एसक्यूएल डेटाबेसवरच बसतं, डेटा साध्या टेबलांत राहतो, ही मोठी सोय. पण २०२३ मध्ये त्यांनी जीपीएल सोडून बीएसएल लायसन्स घेतलं. लहान संस्थांना सूट ठेवली खरी, पण हे लायसन्स काटेकोर अर्थाने ओपन सोर्समध्ये बसत नाही. पेलोड २०२४ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून नेक्स्ट-जेएसच्या ॲपमध्येच बसतं. टाइपस्क्रिप्ट येणाऱ्याला मजा, न येणाऱ्याला सजा! शिवाय २०२५ मध्ये ते फिग्माने विकत घेतलं.

राहता राहिलं वर्डप्रेस. २००३ चं म्हणून आपण नाक मुरडतो. पण डिसेंबर २०१६ मधल्या ४.७ आवृत्तीपासून लेख-पानं देणारा रेस्ट एपीआय त्यात मुळातच आहे, म्हणजे तेही हेडलेस चालवता येतं. ॲडमिन पॅनल मराठीत मिळतं. ऑफिसातले काकासुद्धा नोटीस टाकू शकतात.

मुळात प्रश्न कोणतं भारी हा नाहीच. हेडलेस म्हणजे सांभाळायच्या दोन गोष्टी, मागचं सीएमएस आणि पुढची साइट. बॅच चार वर्षांत भंडारा सोडून पुण्या-बंगलोरला जाते. जुने अंक, नोटिसा, फोटो इथेच राहतात. त्यांना वाली कोण? म्हणून निवडण्याआधी तीन गोष्टी तपासा. पुढच्या वर्षी अपडेट कोण मारणार? सगळा डेटा एका फाइलीत बाहेर काढता येतो का? मराठी शीर्षक दिलं तर लिंक धड बनते का?

तिन्हींची उत्तरं मिळाली तर खुशाल स्ट्रॅपी घ्या. नाही मिळाली तर साधं वर्डप्रेस बरं, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि सरांना, मॅडमना एक विनंती. मार्क देताना फक्त डेमो पाहू नका. सेकंड इयरच्या एखाद्या पोट्ट्याला बॅकअप द्या आणि साइट नव्या मशीनवर उभी करायला सांगा. उभी राहिली, तर प्रोजेक्ट पास!

बघा, पटतंय का!