२ जीबीचे संगणक भंगारात देण्यापूर्वी



शाळेच्या संगणक कक्षातील बारा जुने संगणक भंगारात काढण्याचे घाटत आहे, असे गेल्या पालकसभेत कळले. कारण सांगितले गेले ते असे की, त्यांत मेमरी फक्त २ गिगाबाइट आहे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ ला किमान ४ गिगाबाइट लागते. शिवाय इतर अटी आहेतच. विक्रेत्याने सांगितले, "ह्यांत आता काही चालत नाही." माझे मत वेगळे आहे, आणि ते सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

१९९० च्या सुमारास मी बेळगावातल्या एका बँकेच्या शाखेत कारकून होतो. काचेच्या केबिनमध्ये एक संगणक आणि काउंटरवर सहा टर्मिनल. शाखेतले एकुलते एक एसी त्या केबिनला होते, आणि आत जाताना चपला बाहेर काढाव्या लागत. (मॅनेजरसाहेबांच्या खोलीत पंखा होता, हे जाता जाता नोंदवतो.) संगणकावर झेनिक्स चाले. झेनिक्स म्हणजे युनिक्स या मोठ्या यंत्रांवरच्या प्रणालीचे मायक्रोसॉफ्टने आणलेले छोटे रूप. मेमरी होती ४ मेगाबाइट, म्हणजे आपल्या 'टाकाऊ' संगणकाच्या पाचशेव्या हिश्श्याहून कमी. त्यावर सहा माणसे एकाच वेळी काम करीत. फक्त सहामाही व्याज लावायच्या दिवशी आतून हाक येई, "दोघे-तिघे टर्मिनल सोडा, व्याज लागू दे!" आम्ही उठून चहाला जात असू. मेमरी संपली म्हणजे काय होते, ते मी पुस्तकात नव्हे, तेव्हा शिकलो.

विद्यार्थ्यांसाठी हे जरा उलगडून सांगतो. समजा, आपल्या गल्लीत घर नंबर लिहायला फक्त दोन अंकांची मुभा आहे. मग ०० ते ९९ अशी शंभरच घरे पोस्टमनला सापडतील. पुढे घरे असली तरी त्यांना पत्ता नाही. संगणकाचेही तसेच. पत्त्याला १६ बिट असले की ६५,५३६ जागा मोजता येतात. हेच ते प्रसिद्ध ६४ किलोबाइट. १९८१ च्या आयबीएम पीसीतल्या ८०८८ या प्रोसेसरने यावर तोड काढली, ती म्हणजे आधी गल्ली सांगायची, मग घर नंबर. त्यामुळे एकूण १ मेगाबाइटपर्यंत पोहोचता येई. त्यातले ६४० किलोबाइट कार्यक्रमांना मिळत. पण दोन अडचणी राहिल्या. एका गल्लीत ६४ किलोबाइटच मावत, त्यामुळे त्याहून मोठा वाडा बांधायचा तर गल्लीची हद्द आड येई. आणि घरांना कुलूप नव्हते. एक कार्यक्रम दुसऱ्याच्या घरात शिरून सामान उलथेपालथे करू शके. अनेकांनी एकत्र राहायचे हेच ज्या युनिक्सचे तत्त्व, त्याला बिनकुलपाची घरे कशी परवडणार? १९८४ च्या पीसी-एटीमधल्या ८०२८६ ने कुलूप दिले, १६ मेगाबाइटची वस्तीही दिली, पण गल्ली ६४ किलोबाइटचीच ठेवली. नागपूरच्या यशवंत कानेटकरांची पुस्तके वाचून जे 'सी' शिकले, त्यांना जवळचे आणि लांबचे पॉइंटर आठवत असतील. तो सारा खटाटोप या गल्ल्यांपायी होता. १९८५ मध्ये आलेल्या ८०३८६ ने ही कटकट मिटवली.

मग त्याआधी युनिक्स चालले कसे? मुळात ते जन्मलेच टंचाईत. बेल लॅबमध्ये केन थॉम्सन आणि डेनिस रिची यांनी १९६९ मध्ये त्याची सुरुवात केली. १९७१ च्या सुमारास ते ज्या पीडीपी-११ वर चाले, तिची मेमरी २४ किलोबाइट होती. त्यातले १६ प्रणालीला, ८ वापरणाऱ्यांच्या कार्यक्रमांना. तुम्ही वाचत असलेला हा लेख युनिकोडमध्ये साठवला तर त्या ८ किलोबाइटमध्ये मावणार नाही! म्हणून त्यांनी एकच काम नीट करणारे छोटे छोटे कार्यक्रम लिहिले, आणि एकाचे उत्तर दुसऱ्याच्या हाती देण्याची सोय केली. जागेच्या टंचाईमुळे काटकसरीबरोबर रचनेत सुबकताही आली, असे त्या दोघांनीच १९७४ च्या निबंधात नमूद केले आहे.

दुसरी युक्ती आपल्या वडगावात वेगळी शिकवावी लागत नाही. दीड खोलीच्या घरात माग असला, की दिवसा अंथरुणे माळ्यावर जातात आणि रात्री खाली येतात. युनिक्सही तेच करी. ज्याचे काम थांबले आहे त्याला मेमरीतून उचलून डिस्कवर ठेवायचे, पाळी आली की परत आणायचे. आमच्या शाखेत व्याजाच्या दिवशी डिस्कचा दिवा विझतच नसे, त्याचे कारण हेच. माळ्यावर चढ-उतार करण्यातच वेळ जाई. १९९१ च्या डिसेंबरात लिनस टॉरवाल्ड्सने नव्या लिनक्समध्ये अशी सोय घातली, तीही केवळ २ मेगाबाइट मेमरी असलेल्या एका वापरणाऱ्याची अडचण ऐकून. त्या माणसाला कोणी "यंत्र भंगारात टाका" म्हटले नाही.

मराठीचाही हिशेब पाहा. पूर्वी संगणकावर देवनागरीसाठी पुण्याच्या सी-डॅकचे जिस्ट कार्ड वेगळे बसवावे लागे. 'इस्की' या भारतीय संकेतात 'वडगाव' लिहायला काना धरून ५ बाइट पुरत. आजच्या यूटीएफ-८ मध्ये तेच १५ होतात. हे तिप्पट ओझे २ गिगाबाइट सहज उचलते. लिनक्सची हलकी आवृत्ती घातली तर याच संगणकांवर लिब्रेऑफिस चालेल, मेनू मराठीत दिसतील आणि मुले इन्स्क्रिप्टने मराठी टंकायला शिकतील. आज आपली मुले मोबाइलवर रोमन अक्षरांत मराठी लिहितात, ते मला खुपते.

अडचणी लपवीत नाही. आजची संकेतस्थळे फार जड झाली आहेत. चार व्हिडिओ एकदम उघडले तर ही यंत्रे बसतील. त्यांतले काही संगणक ३२ बिटांचे असले, तर डेबियनने ऑगस्ट २०२५ च्या १३ व्या आवृत्तीपासून अशा यंत्रांसाठी इन्स्टॉलर देणे थांबवले आहे, तेव्हा ते खुशाल काढावेत. इंटरनेटवरच्या धड्यांसाठी नवे संगणक हवेतच, पण बाराऐवजी चार घ्यावेत. बाकीचा पैसा ग्रंथालयाच्या गळक्या छपराला लागेल.

आणि जुनी यंत्रे बसली तरी तो धडाच आहे. लिनक्समध्ये 'फ्री' नावाची आज्ञा आहे. ती दिली की किती मेमरी वापरात आहे, किती शिल्लक आहे आणि किती सामान माळ्यावर गेले, ते आकड्यांत दिसते. नववीच्या मुलांनी एकेक खिडकी उघडत जावे आणि दर वेळी आकडा वहीत लिहावा. मच्छेच्या विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाच्या संगणक अभ्यासक्रमात युनिक्स हा विषय कित्येक वर्षे होता. तिथे जाणाऱ्या आपल्या मुलांना त्याची तोंडओळख इथेच का होऊ नये? १६ गिगाबाइटच्या नव्या यंत्रावर हा प्रयोग करायचा, तर आकडा हलेपर्यंत तास संपायचा.

एप्रिलच्या सुट्टीत दोन शनिवार मी येऊ शकतो. ६४ बिटांची यंत्रे निवडायला नववीची चार मुले सोबत द्यावीत आणि तोवर भंगारवाल्याला थांबवावे. चपला बाहेर काढायची गरज नाही.