बिडाची भट्टी आणि विजेची गाडी

गेल्या रविवारी आमच्या घरात विजेच्या स्कूटरवरून एक छोटी परिषदच भरली. नातीला कॉलेजला जायला गाडी हवी. सून धारवाडकडची. तिनं जाहिरातीचा कागद पुढं ठेवून विचारलं, ‘‘मावा, सबसिडी एष्ट सिगतैत्री?’’ चहाला आलेला भाचा मात्र गप्प होता. तो २२ वर्षं उद्यमबागेत क्रँकशाफ्टच्या ग्राइंडिंगवर आहे. शेवटी म्हणाला, ‘‘मामा, गाडी खुशाल घ्या की. पण त्या गाडीत क्रँकशाफ्ट नसतो बघा.’’

ते वाक्य काही डोक्यातून जाईना. धूर कमी व्हावा, त्यासाठी सरकारनं पैसा घालावा, हे मला मान्यच आहे. पण तो पैसा जातो कुठं?

केंद्राची ‘फेम’ योजना २०१५ साली सुरू झाली. तंत्रज्ञान विकास हा तिचा एक भाग होता. २०१९ चा दुसरा टप्पा १०,००० कोटींचा. त्यातले ८,५९६ कोटी गाडी घेणाऱ्यांच्या सवलतीसाठी आणि १,००० कोटी चार्जिंगच्या सोयीसाठी होते. म्हणजे भर शोधापेक्षा विक्रीवर. सवलतही टिकली नाही. दुचाकीच्या बॅटरीमागं दर किलोवॅट-तासाला २०२१ मध्ये १५,००० रुपये होते, २०२३ मध्ये १०,००० झाले, २०२४ मध्ये ५,००० आणि २०२५ मध्ये २,५००. सुनेला एवढंच सांगितलं, ‘‘सबसिडी बघून नको, गरज बघून गाडी घे.’’

नव्या तंत्राचे सुटे भाग इथंच बनावेत म्हणून २०२१ मध्ये २५,९३८ कोटींची वेगळी योजना मंजूर झाली. पण सुटे भाग बनवणाऱ्या उद्योगसमूहाची उलाढाल किमान ५०० कोटींची हवी, अशी तिची अट. भाच्याच्या मालकांना हे सांगितलं, तर ते नुसते हसले. शेडमध्ये आठ-दहा यंत्रं घेऊन बसलेल्या माणसानं ५०० कोटी कुठून आणायचे?

आणि बदल काही किरकोळ नाही. आपल्याकडचं ओतकाम मुख्यतः बिडाचं. विजेच्या मोटरचं कवच बहुधा ॲल्युमिनियमचं असतं. बीड वितळायला साधारण १,२०० अंश लागतात, ॲल्युमिनियमला ६६०. भट्टी वेगळी, साचे वेगळे, हातही वेगळा बसवावा लागतो. शिकायला वेळ आणि पैसा, दोन्ही हवेत.

न शिकल्याचा फटका २०२५ मध्ये दिसलाच. एप्रिलमध्ये चीननं दुर्मीळ मृदा-धातूंच्या चुंबकांच्या निर्यातीवर निर्बंध घातले आणि मोटरी बनवणाऱ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. नोव्हेंबरमध्ये केंद्रानं ते चुंबक देशात बनवण्यासाठी ७,२८० कोटींची योजना मंजूर केली. तहान लागल्यावर विहीर खणायची, तशातली ही गत.

विजेच्या वाहनांचं धोरण २०१७ मध्ये देशात सर्वांत आधी कर्नाटकानं आणलं. विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचं मुख्यालय आपल्या बेळगावातच आहे. कारखाने आहेत, कसबी हात आहेत. मग छोट्या कारखानदारानं नवा भाग करून बघावा, तपासून घ्यावा, चुकला तर पुन्हा करावा, एवढ्यापुरती एखादी सामायिक कार्यशाळा सरकारी पैशातून इथं का होऊ नये? एका गाडीची सवलत एका घराला मिळते. असा शिकलेला कारखाना कितीतरी घरं जगवतो.

नातीची गाडी आम्ही घेणार आहोत. भाचाच दुकानात सोबत येतोय. म्हणाला, ‘‘मोटर उघडून दाखवतात का, विचारू या.’’